पाच पाकळ्यांचा पूल

पेपर उचलायला अंगणात गेलेले मोरीसाहेब ओल्या पायांनी परत आले आणि उंबऱ्याशी नेहमीच्या जागी पाय घासू लागले. दोन-तीनदा घासल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण नुसती फरशी घासतोय. पायपुसणं जागेवर नव्हतं.

"अगं, पायपुसणं कुठं गेलं?"

"असेल कुठेतरी," आतून बायको म्हणाली. ती वह्यांचा गठ्ठा पिशवीत कोंबत होती. "वाळत घातलं असेल."

"दोरीवर नाहीये."

"मग नवीन आणा. एक पूल बांधायला तुम्हाला तीन वर्षं लागली. पायपुसण्याला किती लागतील ते आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे मी त्या हिशोबाने पाय पुसेन."

मोरीसाहेबांनी पेपर उघडला. ते काही त्यांचं खरं नाव नव्हे. इंजिनिअर होऊन सव्वीस वर्षं झाली, पण नशिबाने त्यांच्या वाट्याला रस्त्याखालून पाणी जाण्याच्या मोऱ्याच आल्या. खात्यात कुणी त्यांचं खरं नाव घेईनासं झालं, आणि नंतर नंतर तर घरी येणारी पत्रंसुद्धा मोरीसाहेब म्हणूनच येऊ लागली. मोरी कितीही पक्की बांधा, तिच्यावरून जाणाऱ्याला ती दिसत नाही. सव्वीस वर्षांत कुणी थांबून "वा, काय मोरी आहे!" असं म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

आणि आता, निवृत्ती जवळ आली असताना, त्यांना पूल मिळाला होता. पायी जाणाऱ्यांचा, छोटासाच. पण ओढ्याच्या वर, उजेडात, सगळ्यांना दिसेल असा! त्यातून तो त्यांच्या घरामागच्याच ओढ्यावर होता. पलीकडच्या काठावर बायकोची शाळा होती. तिची घंटा यांच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची, पण शाळेत पोचायचं तर बसने सगळ्या गावाला वळसा. सोमवारी पुलाचं उद्घाटन ठरलं होतं. बायकोने शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "सोमवारी बघाच. मी आमच्या ह्यांच्या पुलावरून चालत येणार." स्टाफरूममध्ये एकदा सांगितलेली गोष्ट मागे घेता येत नाही. मोरीसाहेबांचं सगळं आयुष्य त्या सोमवारवर येऊन थांबलं होतं.

बायको पिशवी घेऊन निघाली. हल्ली ती पूर्वीपेक्षा बरीच उशिरा निघायची आणि तरी वेळेवर पोचायची. मोरीसाहेबांनी एकदा विचारलंही होतं. "हल्लीच्या बसेस पळतात," असं ती म्हणाली आणि ते त्यांना पटलं. इंजिनिअर माणूस, वाहन पळतं म्हटलं की त्याला बरं वाटतं.

ऑफिसात पोचतात तोच मोठ्या साहेबांनी आत बोलावलं.

"मोरीसाहेब, शेजारच्या विभागाच्या सांडपाणी केंद्राला चार पाकळ्या मिळाल्या. ऐकलं का?"

"कसल्या पाकळ्या, सर?"

"शाश्वततेच्या! हल्ली कुठलंही बांधकाम असो, त्याला पाकळ्या देतात. निसर्गाला किती जपलं, माणसांना किती विचारलं, सामान किती वाचवलं, असे शंभर गुण. सगळ्यात जास्त म्हणजे पाच पाकळ्या. त्यांच्या सांडपाण्याला चार! आपला तर पूल आहे. आपल्याला पाच पाहिजेत."

"पण सर, सोमवारी उद्घाटन..."

"पाच पाकळ्या आल्या तर सोमवारी. नाही आल्या तर मी फीत कापणार नाही. मी वरच्यांना तसा शब्द देऊन बसलोय."

प्राथमिक परीक्षक त्याच दुपारी पुलावर हजर झाले. लांब मानेचे, हळू बोलणारे गृहस्थ. ते पुलाच्या मधोमध उभे राहिले आणि बराच वेळ पुलाकडे न बघता ओढ्याकडे बघत राहिले.

"पूल चांगला झालाय ना?" मोरीसाहेबांनी न राहवून विचारलं.

"चांगला, वाईट, हे आमच्याकडे येत नाही."

"मग तुम्ही बघता तरी काय?"

"पूल नसता तर काय झालं असतं, ते बघतो."

"पूल नसता तर लोक पलीकडे गेले नसते!"

"म्हणजे ओढ्याला त्रास झाला नसता. नोंद घेतो."

मोरीसाहेबांना काही कळेना. त्यांनी ठेकेदाराकडे बघितलं. ठेकेदार मोठा हरहुन्नरी माणूस. त्याने लगेच छाती पुढे काढून सांगितलं, "साहेब, शंभर वर्षं हलणार नाही हा पूल. लिहून देतो."

"शंभर वर्षं हलणार नाही," परीक्षक पुटपुटले. "म्हणजे जागा कायमची अडली. नोंद घेतो."

तासाभराने परीक्षकांनी निकाल सांगितला. तीन पाकळ्या. उंच दिव्यांमुळे वटवाघळांची झोप मोडते. वास्तविक वटवाघूळ रात्री झोपत नाही, असं मोरीसाहेबांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. फरश्या कोऱ्या करकरीत आहेत, जुन्या वापरायला हव्या होत्या. बाकाचं लाकूड लांबून आणलेलं आहे. आणि मुख्य म्हणजे काठावरच्या लोकांना कुणी काही विचारलेलं नाही.

"हे सगळं दुरुस्त केलं तर?"

"तर अंतिम परीक्षक येऊन बघतील. पण एक लक्षात ठेवा. अंतिम परीक्षक कोण, कधी येणार, कुणालाही सांगत नाहीत. त्यांना तुमच्या कामाबद्दल आधी काही सांगितलेलं नसतं, म्हणजे मन कोरं राहतं. खात्याच्या माणसाने त्यांच्याशी बोलायचं नाही. दिसायचंसुद्धा नाही. दिसलात, तर गुण शून्य. आणि हो, काढलेलं सामान फेकून देऊ नका. कचरा झाला की असलेले गुणही जातात. जागेवरच कुठेतरी वापरा."

जाता जाता त्यांनी पुलाच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. "ते काय आहे?"

"ते काही नाही," मोरीसाहेब घाईघाईने म्हणाले.

ते काही नाही असं मुळीच नव्हतं. ती फळी होती. सहा महिन्यांपूर्वी वरच्या भागाचं काम सुरू होताना सिमेंटच्या गोण्या अल्याड-पल्याड न्यायला ठेकेदाराने ओढ्यात दोन जुने पाइप उभे करून त्यांच्यावर परांचीच्या फळ्या टाकल्या होत्या. काम संपलं की काढायच्या. मोरीसाहेबांनी तिथे स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: 'वापरण्यास सक्त मनाई'. तरी लोक जायचेच. मोरीसाहेब दिसले की कुणीतरी शीळ घालायचं आणि क्षणात दोन्ही काठ रिकामे. दर आठवड्याला फळीवर काहीतरी नवं उगवायचं. एकदा चढायला जुन्या टायरच्या पायऱ्या झाल्या. एकदा धरायला दोरी आली, तीही चांगली पीळदार, सारख्या अंतरावर गाठी मारलेली. मोरीसाहेबांनी ती सोडली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गाठी. आपण तीन वर्षं राबून पूल बांधतोय आणि लोकांना ही फळी गोड लागते, हे त्यांच्या मनाला फार लागायचं.

"सोमवारी पहाटे ही फळी आधी काढायची," त्यांनी ठेकेदाराला बजावलं. "फीत त्यानंतर."

"काढतो ना साहेब," ठेकेदार म्हणाला. महिनाभर तो हेच म्हणत होता.

दुसऱ्या दिवसापासून पुलाची दुरुस्ती सुरू झाली, म्हणजे पूल बिघडवायला सुरुवात झाली म्हटलं तरी चालेल. आधी उंच दिवे उतरवले. दिवे गेल्यावर तिन्हीसांजेला कठडा दिसेना, तेव्हा सुरक्षिततेचे गुण जायला नकोत म्हणून कठड्याला पांढरा रंग दिला. पांढऱ्या रंगावर ऊन पडून ते समोरच्या घरांत घुसू लागलं. एक आजोबा डोळ्यांवर हात धरून तक्रार करायला आले. मग सगळ्या कठड्याला गोणपाट गुंडाळलं. मोरीसाहेब लांब उभे राहून बघत होते. अपघात होऊन प्लास्टरमध्ये पडलेल्या माणसासारखा त्यांचा पूल दिसू लागला होता.

"बरा दिसतोय का?" त्यांनी विचारलं.

"होईल बरा," ठेकेदाराने धीर दिला.

मग कोऱ्या फरश्या उखडल्या. जुन्या कुठून आणायच्या? खात्याच्या जुन्या इमारतीतलं न्हाणीघर नुकतंच पाडलं होतं. तिथल्या निळ्या, गुळगुळीत फरश्या आणून बसवल्या. त्यांच्यातल्या काहींवर साबण ठेवायचे खळगे होते. त्या फरश्यांवरून पाय घसरू लागला म्हणून त्यांच्यावर वाळू पसरली. लांबच्या लाकडाचा बाक काढला. त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही, कारण जे काही ठेवायचं त्यावर कुठले ना कुठले गुण जात होते.

"काढलेल्या सामानाचं काय?" मोरीसाहेबांनी विचारलं. "फेकायचं नाही. जागेवर वापरायचंय."

"त्याची व्यवस्था केलीय साहेब."

"काय व्यवस्था?"

"जागेवरच केलीय. तुम्ही काळजी सोडा."

मोरीसाहेबांनी काळजी सोडली. तेवढी एक काळजी त्यांनी सोडली नसती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

राहिला लोकांचा सहभाग. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी काठावरच्या मंडळींना पुलाशी बोलावलं. पंधरा-वीस माणसं जमली. मोरीसाहेबांनी हात जोडून विचारलं, "पुलाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? मोकळेपणाने सांगा."

"पूल थोडा डावीकडे घ्या," डोळ्यांवर हात धरणारे आजोबा म्हणाले.

"आता कसा घेणार, आजोबा? झाला की तो बांधून!"

"मग विचारता कशाला?"

"फळी काढणार का हो?" मागून एका बाईने विचारलं.

"फळीचं सोडा. पुलाबद्दल बोला."

पुलाबद्दल कुणी काही बोलेना. सगळे फळीबद्दलच कुजबुजत होते. मोरीसाहेबांनी रागारागाने सभा संपवली आणि सहभाग झाला असं समजून ते घरी गेले. बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती गणिताचे पेपर तपासत होती.

"एवढी लोकं फळीवरून जातात, म्हणजे काहीतरी सोय असेलच ना तिची," ती मान वर न करता म्हणाली.

"सोय? उद्या कुणी पाण्यात पडलं म्हणजे? तूसुद्धा त्यांचीच बाजू घे!"

"मी कुणाची बाजू घेतेय? मी आपली विचारतेय." आणि तिने एका मुलाचं बरोबर असलेलं गणित चूक केलं.

शनिवारी दुपारी ठेकेदाराचा फोन आला. तो फोनवर कुजबुजत होता, त्यामुळे मोरीसाहेबही कुजबुजू लागले.

"साहेब, आल्या!"

"कोण?"

"परीक्षक बाई. डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी, हातात मोजायची पट्टी. पलीकडच्या काठाने आल्यात."

मोरीसाहेब धावत सुटले आणि काठावर पोचून काँक्रीट कालवायच्या यंत्रामागे लपले. ठेकेदार आधीच तिथे उकिडवा बसला होता. दोघे मिळून एका चाकाआडून बघू लागले. पलीकडच्या काठावर बाई उभ्या होत्या. त्यांनी पुलाकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं, दिव्यांच्या रिकाम्या खांबांकडे पाहिलं आणि हळहळल्यासारखी मान हलवली. मग उतारावरून खाली उतरल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"खाली कशाला गेल्या?" मोरीसाहेब घाबरले.

"पाया बघत असतील."

"पाया! हां, पाया पक्का आहे आपला." त्यांच्या जिवात जीव आला. "बघू देत. हवा तेवढा वेळ बघू देत."

बाईंनी हवा तेवढा वेळ बघितलं. खालून बोलण्याचा आवाज येऊ लागला. कुणीतरी बाई त्यांना भरभरून काहीतरी सांगत होती, मधूनच दोघी हसत होत्या.

"हा आवाज ओळखीचा वाटतो," मोरीसाहेब म्हणाले. "आमच्या घरातल्यासारखा."

"शाळा सुटली असेल साहेब. मास्तरणींचे आवाज सगळे सारखेच."

"जरा वाकून बघू का?"

ठेकेदाराने त्यांच्या खांद्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन त्यांना खाली बसवलं. "शून्य होतील साहेब! सोमवार आठवा!"

मोरीसाहेबांनी सोमवार आठवला आणि ते पाय बधिर होईपर्यंत तसेच बसून राहिले.

रविवारी सकाळी मोठ्या साहेबांचा फोन आला. ते काय बोलतायत ते आधी कळेचना, इतके ते आनंदले होते. "पाच! मोरीसाहेब, पाच पाकळ्या! आजवर कुणाला मिळाल्या नव्हत्या! परीक्षक बाईंनी लिहिलंय, असा पूल मी पाहिला नाही. उद्या त्या स्वतः येऊन पाकळ्यांची पाटी ठोकणार आहेत!"

मोरीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षांनी कुणीतरी थांबून म्हटलं होतं, असा पूल मी पाहिला नाही. ते तडक बाजारात गेले आणि नवीन पायपुसणं घेऊन आले. हिरवंगार, जाड, दुकानातलं सगळ्यात चांगलं.

"अहो, काल शाळेतून येताना मला एक बाई भेटल्या..." बायकोने सुरुवात केली.

"ते राहू दे. उद्या तू कुठली साडी नेसणार आहेस? साधी नको. सगळी स्टाफरूम पलीकडे उभी असेल."

"अहो, ऐका तरी. त्या बाईंनी मला फार चौकशा केल्या..."

"आणि उद्या पहाटे ती फळी काढून टाकतो. मला ती उद्घाटनाला नजरेसमोरही नको."

बायको साडी बघायला आत गेली.

सोमवारी पहाटे ठेकेदाराने फळी काढली नाही. काढतो म्हणाला होता, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. फुलांच्या माळा, मोठे साहेब, आठ-दहा कर्मचारी आणि लाल फीत असं सगळं पुलाच्या तोंडाशी जमलं. पलीकडच्या काठावर स्टाफरूम एका ओळीत छत्र्या घेऊन उभी होती. बायको अंजिरी साडी नेसून, वह्यांची पिशवी खांद्याला लावून, फितीच्या सगळ्यात जवळ उभी होती. मोरीसाहेब मनातल्या मनात म्हणत होते, आता फक्त पाच मिनिटं. तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. एका हातात पाच पाकळ्यांची पितळी पाटी, दुसऱ्या हातात पेचकस. सगळ्यांना नमस्कार करून त्या फितीपाशी आल्या, फितीला वळसा घातला आणि उतारावरून खाली उतरू लागल्या.

"बाई, पूल इकडे आहे!" मोठे साहेब ओरडले.

"तिकडे? तिकडे कशाला?" बाई म्हणाल्या आणि उतरतच गेल्या.

सगळे त्यांच्यामागे खाली गेले. आणि मोरीसाहेबांनी फळी बघितली; दुरुस्तीच्या गडबडीत ते आठवडाभर खाली फिरकले नव्हते. तिच्यावर कोऱ्या करकरीत फरश्या बसवलेल्या होत्या. त्यांच्याच फरश्या! दोन्ही टोकांना पुलावरचे दिवे होते, पण कुणीतरी ते गुडघ्याएवढ्या उंचीवर आणून वर डबे उपडे घातले होते, म्हणजे उजेड फक्त पायापुरता पडावा. उताराशी सावलीत त्यांचा बाक होता. गाठी मारलेली दोरी दोन्ही बाजूंनी ताणलेली होती. आणि टायरच्या पहिल्या पायरीवर एक पायपुसणं होतं. एका कोपऱ्याला इस्त्रीने भाजल्याचा डाग असलेलं. मोरीसाहेबांनी तो डाग ओळखला. तो त्यांनीच पाडला होता.

बाई फळीच्या खांबाला पाटी लावू लागल्या.

"अहो, थांबा!" मोरीसाहेबांचा आवाज फाटला. "ही तात्पुरती फळी आहे. पूल वर आहे! ते बघा, वर!"

"तो होय?" बाईंनी वर पाहिलं. "तो तुम्ही पाडताय ना? मी आले तेव्हा दिवे काढलेले, बाक काढलेला, सगळं गोणपाटात बांधलेलं. फरश्यासुद्धा कुठल्या तरी न्हाणीघरातल्या. मला वाटलं, तात्पुरता असेल, उतरवायला घेतलाय. आणि त्याच्यावरून तर कुणीच जात नव्हतं. आम्ही वापरात असलेल्या गोष्टीलाच गुण देतो."

"पण ही... हिच्यावर मनाईची पाटी होती!"

"हो का? मला नाही दिसली. पाटीवर कुणीतरी छत्री वाळत घातली होती." बाई कौतुकाने फळीवर हात फिरवू लागल्या. "बघा ना. सगळं सामान पुन्हा वापरलेलं आणि इथल्या इथलं. उजेड जमिनीलगत. हवी तेव्हा उचलता येते, ओढ्याला अजिबात त्रास नाही. आणि लोकांचा सहभाग तर विचारू नका! परवा मला इथे एक शिक्षिका भेटल्या, त्यांनी सगळं सांगितलं. दोरी कुणी बांधली, टायर कुणी आणले. आणि गाठी सारख्या अंतरावर हव्यात म्हणून मोजून दिल्या त्यांनी स्वतः. त्या बघा, त्याच!"

सगळ्यांनी वळून बघितलं. अंजिरी साडीतली शिक्षिका ओढ्यातल्या पाण्याकडे एकाग्रतेने बघत होती.

"अगं... बस?" मोरीसाहेबांना एवढंच विचारता आलं.

"बसची वाट कोण बघत बसणार?" ती हळूच म्हणाली. "फळी पडली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून जातेय मी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. पाय चिखलाने भरायचे, वर्गात जायचं असायचं, म्हणून पायपुसणं... आणि त्या बाई कोण आहेत ते मला काय माहीत! चांगल्या वाटल्या, म्हणून बोलले."

मोठे साहेब दोन्ही पुलांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं झालं होतं. "मोरीसाहेब," त्यांनी शेवटी हळू आवाजात विचारलं, "पाकळ्या मिळाल्या कुणाला?"

"फळीला, सर."

"फळी कुणाची?"

"आपल्याच विभागाची."

"मग झालं तर!" साहेबांच्या आठ्या गेल्या. "फीत खाली आणा रे!"

"पण सर, वरचाही पूल सुरू करू. एकाला दोन होतील."

"तसं केलंत तर घोटाळा होईल," बाई पाटीचा शेवटचा स्क्रू पिळत म्हणाल्या. "शेजारी दुसरा पूल चालू झाला की याचा वापर घटणार. वापर घटला की पाकळ्या कमी. शिवाय इतका चांगला पूल असताना दुसरा म्हणजे अनावश्यक बांधकाम. त्याचे वेगळे गुण जातात."

"वरचा बंद!" मोठे साहेब गरजले. "पुढचा आदेश येईपर्यंत बंद!"

पुढचं सगळं दहा मिनिटांत उरकलं. साहेबांनी फळीवर फीत कापली आणि पुलासाठी लिहून आणलेलं भाषण एकही शब्द न बदलता फळीसाठी केलं. फळीपाशी लावलेली 'वापरण्यास सक्त मनाई' ही पाटी काढून, छत्री झटकून, वर पुलाच्या तोंडाशी टांगण्यात आली आणि पुलाच्या दोन्ही टोकांना आडवं लाकूड लावण्यात आलं. तेवढ्यात पलीकडे शाळेची घंटा झाली. बायकोने एकदा नवऱ्याकडे बघितलं, तिला काहीतरी बोलायचं होतं, पण पहिला तास तिचाच होता. ती फळीवरून भराभर पलीकडे गेली. स्टाफरूम तिच्यामागून आत गेली.

मोरीसाहेब बाकावर बसून राहिले. त्यांना फार म्हणजे फार वाईट वाटत होतं. आणि नेमकं कुणावर रागवायचं ते ठरवता येत नव्हतं. परीक्षक बाईंनी नियमाने केलं होतं. ठेकेदाराने सांगितल्याप्रमाणे सामान जागेवरच वापरलं होतं. बायकोने चिखलाचे पाय पुसले होते. सगळे बरोबर होते आणि पूल बंद होता.

"एवढं मनाला लावून घेऊ नका साहेब," ठेकेदार शेजारी येऊन बसला. "शेवटी तुमच्याच सामानाचा झाला की हा पूल. बाक तरी बघा किती आरामशीर आहे."

"तू जा," मोरीसाहेब म्हणाले.

ते जेवायला घरी गेले नाहीत. ऑफिसलाही गेले नाहीत. दुपार कलली, शाळा सुटल्याची घंटा झाली, तरी ते ओढ्याकडे तोंड करून तिथेच होते. फळीवर पावलं वाजतील म्हणून त्यांनी कान देऊन ठेवले होते. पण पावलं वाजली ती वर, डोक्यावर.

ते दचकून उभे राहिले. पुलाच्या पलीकडच्या टोकाचं आडवं लाकूड बाजूला सारून अंजिरी साडी पुलावर चढली होती. तिच्यामागे एका ओळीत सगळी स्टाफरूम.

"जपून गं!" ती मागे वळून सांगत होती. "फरश्या न्हाणीघरातल्या आहेत, पण पूल पक्का आहे. आमच्या ह्यांनी बांधलाय. गोणपाटाला धरा!"

मोरीसाहेब धापा टाकत उतार चढून वर गेले. "अगं, काय करतेस! बंद आहे तो! वर पाटी आहे!"

"पाटी फळीवर पण होतीच की," ती म्हणाली आणि चालत राहिली. "तुमच्या पाट्या वाचल्या असत्या, तर मी सहा महिने शाळेत वेळेवर पोचले असते का? आणि मी सोमवारी पुलावरून येते म्हणाले होते. सोमवार अजून संपला नाही."

पुलाच्या मधोमध स्टाफरूम थांबली. तिथून पाणी, दोन्ही काठ आणि शाळेचं छप्पर असं सगळं एकदम दिसत होतं. चित्रकलेच्या बाई कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वा, काय पूल आहे!"

मोरीसाहेबांनी उगाच खिशातून रुमाल काढला आणि पुन्हा ठेवून दिला. स्टाफरूमच्या मागून काठावरची दोन-चार माणसं आली. डोळ्यांवर हात धरणारे आजोबाही आले आणि मधे उभे राहून, "थोडा डावीकडे हवा होता," असं म्हणून पलीकडे गेले. कुणीतरी सवयीने शीळ घातली, पण या वेळी कुणी पळालं नाही.

ठेकेदार घाबरून धावत आला. "साहेब, आडवं लाकूड पक्कं ठोकून टाकू का? मोठ्या साहेबांना कळलं तर?"

"लाकूड राहू दे," मोरीसाहेब थोडा विचार करून म्हणाले. "पाटी तेवढी ठळक रंगवून घे. मनाई नीट वाचता आली पाहिजे. त्याशिवाय लोक यायचे नाहीत."

संध्याकाळी ते घरी आले. ओढ्याकाठचा सगळा चिखल बुटांना लागला होता. ते उंबऱ्याशी नेहमीच्या जागी पाय घासू लागले. दोन-तीनदा घासल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कालच आणलेलं हिरवंगार पायपुसणं जागेवर नव्हतं.

त्यांनी आत बघितलं. बायको वह्या तपासत होती आणि मान वर करत नव्हती.

"पुलाच्या अलीकडच्या टोकाला टाकलंय," ती म्हणाली. "वाळूने पाय भरतात हो लोकांचे. रागावू नका, तुम्ही उद्या एक नवीन आणा."

मोरीसाहेबांनी सकाळचा पेपर उंबऱ्यावर पसरला आणि त्यावर बूट पुसू लागले.

"दोन आणतो," ते म्हणाले. "पलीकडच्या टोकाला पण लागेल."